गव्याचं पिल्लू आणि बावीस मुलं

आमच्या मुलीला, बायला, ३१ जानेवारी २०२५ रोजी पाच वर्षं पूर्ण झाली आणि २ फेब्रुवारीच्या रविवारी आम्ही तिच्या वाढदिवसाला गोष्ट केली. सांगितली म्हणत नाही, केली म्हणते, कारण बावीस मुलं त्या गोष्टीत होती आणि पुढे काय होणार ते बरंचसं त्यांनीच ठरवलं. डिसेंबरात सुरुवात केली तेव्हा इथे गोव्यात हॉल कसा मिळतो, माईकला परवानगी लागते का, पाच वर्षांची मुलं किती वेळ एका जागी राहतात, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

आधी चौथ्या वाढदिवसाबद्दल. तेव्हा आम्ही एका इव्हेंटवाल्याला बोलावलं होतं. फुग्यांची कमान, दोन मोठे स्पीकर आणि माईकवर बोलणारा एक मुलगा. त्याने बायला खुर्चीवर उभं केलं आणि 'अजून जोरात, अजून जोरात' करत सगळ्यांकडून तिचं नाव म्हणवून घेतलं. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत ती तशीच आहे. त्या मुलाने ठरलेलं काम केलं, त्याला दोष देत नाही. पण ते फोटो मला पुन्हा बघवले नाहीत.

८ डिसेंबरच्या रविवारी जेवताना मी तिला विचारलं, यंदा काय करूया? ती म्हणाली, "आजो सांगता तशी काणी." म्हणजे आजोबा सांगतात तशी गोष्ट.

माझे सासरे तिला रोज रात्री बलकांवात, म्हणजे ओसरीवर, बसून गोष्ट सांगतात. त्यांची पद्धत अशी की गोष्टीतला कोल्हा ओहोळाशी आला की ते थांबतात आणि विचारतात, "मागीर खंय गेलो?" म्हणजे मग कुठे गेला, आणि गप्प बसतात. बाय उत्तर देईपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. ती म्हणाली आंब्यावर, तर कोल्हा आंब्यावर. इतकी वर्षं हे कानावर पडत होतं, पण त्या थांबण्यातच सगळं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

नाट्यशिक्षण घेतलेली एक मैत्रीण म्हापशाला राहते. तिला फोन केला. तिने ब्रिटनमधल्या डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) या नाट्यशिक्षिकेबद्दल सांगितलं. हीथकोट वर्गात स्वतः एखादं पात्र व्हायच्या आणि त्या पात्रातून मुलांशी बोलायच्या. मैत्रिणीचं म्हणणं, लहान मुलांसमोर सगळं जाणणारं पात्र आणू नकोस. अडलेलं, मदत मागणारं आण. मूल मदत मागणाऱ्याशी लगेच बोलतं. हे वाक्य मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

पुढच्या रविवारी, १५ डिसेंबरला, आम्ही घरचे सगळे दोडामार्ग-बांदा-सावंतवाडीमार्गे कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांचं कला आंगण हे संग्रहालय मुलांना घेऊन बघण्यासारखं आहे. चित्रकथीत कथेकरी एकामागून एक चित्रं पुढे सरकवतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गातो. मी पाहत राहिले ती चित्रांची पोथी. एका वेळी एकच चित्र. बघणाऱ्याचा डोळा त्यावर ठरल्याशिवाय दुसरं येत नाही. आमची गोष्टही अशीच मोजक्या चित्रांची करायची, हे परतताना बांद्याला चहा पिताना ठरलं. तीन चित्रं. जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या मागे लागले. देवळाचा मंडप घराजवळ आहे, पण त्या वर्षी माघी गणेश जयंती १ फेब्रुवारीला होती आणि २ तारखेला वसंत पंचमी, त्यामुळे तो आधीच गेलेला. राहिला पंचायतीचा हॉल. अर्ज साध्या कागदावर, सरपंचांच्या नावे. सोबत आधारची प्रत आणि चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती. आमची घरपट्टी राहिली होती, ती आधी भरावी लागली. तुम्ही अर्जाला जाण्याआधीच बघून घ्या, माझा एक फेरा त्यात गेला. कारकुनांनी विचारलं, "कार्यावळ कसली?" मी म्हटलं, वाढदिवस, आणि मुलांसाठी नाटकासारखं. "नाटक? तिकीट आसा?" तिकीट नाही, हे त्यांनी मला अर्जात वेगळ्या ओळीत लिहायला लावलं. ते बरंच झालं. पुढे कुणी तो प्रश्न काढला नाही.

मंजुरी पंधरवड्याच्या बैठकीत मिळते. १९ डिसेंबरला मुक्तिदिनाची सुट्टी, मग नाताळ, बैठक झाली ती ३० डिसेंबरला. पत्र हातात आलं ३ जानेवारीला. भाडं १,५०० रुपये, अनामत ३,०००. हे अठरा दिवस मी पाहुण्यांना काही सांगू शकले नाही, आणि रोज संध्याकाळी बाय विचारायची, "मेळ्ळो हॉल?" वाढदिवसाच्या निदान सात-आठ आठवडे आधी अर्ज द्या.

माईकचं विचारायला पोलीस स्टेशनवर गेले तेव्हा जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं दर दहा वर्षांनी होणारं शवप्रदर्शन चालू होतं आणि स्टेशनवर माणसं मोजकीच होती. तरी तिथल्या ताईंनी नीट समजावून सांगितलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. परवानगीसाठी लागणारे कागद मी लिहून घेतले. घरी येऊन ते बायसमोर वाचत होते. तिने 'स्पीकर' एवढाच शब्द ऐकला आणि उठून आत गेली. माईकचा विषय तिथेच संपला.

मग आवाज कशाचा? सासरे म्हणाले, घुमट आहे की! चवथीच्या आरतीची दोन घुमटं घरात होती, तिसरं डिचोलीहून ६०० रुपयांना आणलं. मातीचं भांडं, एका तोंडावर चामडं, दुसरं तोंड मोकळं. डाव्या हाताने ते झाकायचं-उघडायचं, उजव्याने वाजवायचं. पूर्वी त्यावर घोरपडीचं चामडं असे. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं घालतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. मुलांच्या हाती द्यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बोट लागलं तरी घुमतं, आणि मोठ्याने वाजवलं तरी कानाला टोचत नाही. फुटण्याची भीती असते, म्हणून आम्ही प्रत्येक घुमट चुंबळीवर ठेवलं.

गोष्ट अशी रचली: तीन चित्रं म्हणजे तीन थांबे, जिथे मुलांना विचारायचं. म्हादईच्या रानातलं गव्याचं पिल्लू वाट चुकून वाड्यावर येतं. ते बोलत नाही. पहिला थांबा: त्याला काय हवंय ते मुलांनी ओळखायचं. दुसरा थांबा: वाटेत नदी. साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, न्यायचं की उथळ पाण्यातून? तिसरा थांबा: रानाच्या कडेला येऊन आईला हाक मारायची. आई पडद्यामागून उत्तर देणार, तेही फक्त घुमटावर. पिल्लू होणार होती माझी भाची, कॉलेजात शिकणारी. आईचं घुमट सासऱ्यांकडे. मी वाड्यावरची बाई, जिला गव्यांबद्दल काहीच ठाऊक नाही.

१९ जानेवारीला शेजारची पाच मुलं जमवून अंगणात करून पाहिलं आणि ते पार कोलमडलं. मी विचारलं, "आता काय करूया?" पाच तोंडांतून पाच उत्तरं. एकाला पिल्लाला विमानात बसवायचं होतं, एकाला दगड मारायचे होते, एक पेरू पाडायला निघून गेला. मी घाबरून भराभर पुढे सांगत सुटले, आणि मी सांगायला लागल्यावर उरलेलीही उठली. पन्नास मिनिटांचा बेत होता, पंचविसाव्या मिनिटाला अंगण रिकामं. त्या रात्री मला वाटलं, केक कापावा आणि मोकळं व्हावं.

सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी चहा घेताना दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ज्या प्रश्नाचं कुठलंही उत्तर तुला झेपणार आहे तोच प्रश्न विचार. दोन, विचारल्यावर थांब. मी घड्याळ लावून पाहिलं, मी प्रश्न विचारून दोन सेकंदांत स्वतःच बोलत होते. मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजायची सवय केली. ते दहा आकडे फार लांब वाटतात. सातव्या-आठव्याला एखादं मूल बोलतं, आणि बहुधा ते सगळ्यांत बोलकं मूल नसतं. गोष्ट कापून तीस मिनिटांवर आणली.

अंगणातल्या त्या तालमीतच मुखवट्याचंही कळलं. नवऱ्याने जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे खळीत भिजवून मातीच्या कुंडीवर थरांवर थर चढवले होते. जानेवारीत सकाळचं दव पडतं, सुकायला चार दिवस लागले. मुखवटा देखणा झाला होता, पण भाची तो घालून घरामागून आली आणि चार वर्षांची एक मुलगी जी रडायला लागली ती आईच्या कडेवर बसूनही थांबेना. मला माझ्या लहानपणचा संकासूर आठवला, काल्याच्या नाटकातला राक्षस. जत्रेच्या काल्यात तो यायचा, काळा झगा, लोंबती लाल जीभ, आणि थेट मुलांच्या घोळक्यात घुसायचा. मी आजोबांच्या धोतरात तोंड लपवायचे. एका वर्षी आजोबा मला देवळामागे रंगपटात घेऊन गेले. तिथे आमचा पोस्टमन काळा झगा अंगावर घालत होता. त्याने मला झग्याचा बंद धरायला दिला. त्या रात्री मी संकासूर डोळे उघडे ठेवून पाहिला, आणि खरं सांगते, तो पोस्टमन आहे हे ठाऊक असूनही तो संकासूरच होता.

म्हणून ठरवलं, मुखवटा मुलांसमोर घालायचा. आणि त्यांनी 'हो' म्हटल्यावरच.

२६ जानेवारीला सकाळी हॉलसमोर झेंडावंदन होतं, किल्ली तिथेच मिळाली आणि दुपारी रंगीत तालीम झाली. हॉल घुमतो हे तेव्हा कळलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून बारा मीटर हिरवं सुती कापड आणलं होतं, ते भिंतीला लावल्यावर आवाज बसला. आमंत्रणाच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये तीन ओळी घातल्या: स्पीकर नसेल, जमिनीवर बसता येईल असे कपडे घाला, मुलांना उत्तरं सुचवू नका. तिसरी ओळ लिहावी की नाही यावर घरात बराच वाद झाला. लिहिली. तुम्हीही लिहा.

२ तारखेला साडेचारचं बोलावणं होतं. त्या दिवशी एका घरी लग्न, त्यामुळे चार मुलं येणार नव्हती, बावीस आली. पण आली ती पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत, एकेक करून. हे गृहीत धरून आम्ही दाराशी आंब्याची पानं, झेंडू, सुपाऱ्या आणि सुतळी ठेवली होती. चवथीला गणपतीवर टांगतो त्या माटोळीला बांधतो तसं, येईल त्याने काहीतरी बांधायचं. त्या माळा टांगून आमचं रान तयार झालं. आधी आलेली मुलं कंटाळली नाहीत, आणि उशिरा आलेल्यांना लगेच हाताला काम मिळालं.

बायला आम्ही आधीच विचारलं होतं की तुला गोष्टीत काय व्हायचंय. तिला काहीच व्हायचं नव्हतं, तिला कंदील धरायचा होता. बॅटरीचा छोटा कंदील घेऊन ती माझ्या बाजूला बसली. वाढदिवस तिचा म्हणून तिला मध्ये ओढायचं नाही, हे मी सगळ्या आत्या-मावश्यांना हात जोडून सांगितलं होतं.

भाची मुखवटा हातात घेऊन आली. "मी ताई. हा मुखवटा हलका आहे, बघा. मी गव्याचं पिल्लू होऊ?" मुलांनी मुखवट्याला हात लावला, शिंगं पुठ्ठ्याची आहेत हे तपासलं. दोघं-तिघं गप्प होती. ती थांबली. एक मुलगी म्हणाली, "तोंड दाखवून मग घाल." तिने तसंच केलं. कुणी रडलं नाही. गव्याचे गुडघ्याखालचे पाय पांढरे असतात म्हणून तिने पांढरे मोजे घातले होते. एका मुलाने वाकून मोजे निरखले आणि अगदी गंभीरपणे शेजारच्याला सांगितलं, "खरो गवोच." गवा हा आपल्या राज्याचा प्राणी, सत्तरीतल्या एका मुलाने तो काजूच्या बागेत पाहिलेला होता, त्याने बाकीच्यांना गप्प बसायला सांगितलं, नाहीतर तो पळतो म्हणाला. मला जमलं नसतं ते काम त्याने केलं.

पिल्लू बसून राहिलं. मी म्हटलं, ह्याला काय हवंय मला कळत नाही. दहापर्यंत मोजायला लागले. मागून एका आजीने "सांग गो, सांग" सुरू केलं, नवऱ्याने त्यांना चहा नेऊन दिला. नवव्या आकड्याला कुणीतरी म्हणालं, "ताका आवय जाय." त्याला आई हवी. मराठी, कोकणी, हिंदी, ज्याला जी येते ती भाषा चालू होती, मीही तशीच मिसळून बोलत गेले.

नदीपाशी माझी सगळी तयारी बाजूला राहिली. साकव की पाणी, एवढेच दोन रस्ते मी ठेवले होते. नवऱ्याने सकाळपासून बसून बांबूचा बुटका साकव बांधला होता. मुलं म्हणाली, ते दमलंय, "ताका उखलून व्हरूया," म्हणजे उचलून नेऊया. क्षणभर मला काही सुचलं नाही. मग जमिनीवरची निळी चादर, जी नदी होती, तीच मुलांनी काठाकाठाने उचलली, पिल्लाच्या पाठीवर घातली आणि सगळी तिला चिकटून, तोल सांभाळत, पलीकडे गेली. भाची रांगत होती, पण त्यांच्या चेहऱ्यांवरून ती त्यांच्याच हातांवर होती. साकव तसाच राहिला. गोष्ट संपल्यावर मुलं साडेसातपर्यंत त्याच्यावरून येत-जात होती, त्यामुळे नवऱ्यालाही बरं वाटलं.

एक मुलगा सुरुवातीपासून दारातच उभा होता, वडिलांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून. आत ये म्हणून मी एकदाच म्हटलं, पुन्हा नाही. असं कुणी असणारच हे धरून तिसरं घुमट मुद्दाम दाराजवळ ठेवलं होतं. रानाच्या कडेला मुलांनी आईला हाका मारल्या. सासऱ्यांना सांगून ठेवलं होतं, ओरडण्याला उत्तर द्यायचं नाही. हाका थांबल्या. सगळी पडद्याकडे बघत राहिली. मी मोजायला लागले, सहा, सात, आणि दारातून एक बारीक 'घुम' आला. त्याने एका बोटाने चामड्यावर टिचकी मारली होती. पडद्यामागून एक 'घुम'. त्याने शर्ट सोडला. दोन टिचक्या. पडद्यामागून दोन. बायने कंदील उचलून त्याच्या बाजूला धरला. ते पाच-सहा वेळा चाललं, कुणी मध्ये बोललं नाही, आणि मग पिल्लू उठून हिरव्या कापडामागे गेलं. एकूण चौतीस मिनिटं.

नंतर केक, पाव-पातळभाजी आणि कोकमाचं सरबत. जाताना प्रत्येकाला मातीची शिट्टी. खर्च लिहिते: हॉल १,५००, साफसफाई ५००, कापड ७२०, मुखवटा २६०, घुमट ६००, पंचावन्न माणसांचं खाणं ४,९५०, केक १,४००, शिट्ट्या ८८०. सगळे मिळून १०,८१० रुपये. बांबू शेजाऱ्यांचे, चटया देवळातल्या. उत्सव आदल्या दिवशी असल्याने त्या सकाळी नऊनंतर मिळाल्या, झटकून पुसून घ्याव्या लागल्या.

किल्ली सोमवारी परत केली. अनामत लगेच मिळत नाही, हॉल पाहून शेरा लागतो आणि मग चेक निघतो. आमचा २० फेब्रुवारीला आला. भिंतीला सेलोटेप लावू नका, रंग निघाला तर त्यातून कापतात. आम्ही सुतळीने खिडक्यांच्या गजांना बांधलं होतं.

मुखवटा आणि हिरवं कापड नंतर वाड्यावरच्या अंगणवाडीत गेलं. साकव आमच्या परसात उभा करून ठेवला.